हेडलाइटचा स्विच तिसऱ्यांदा बदलणाऱ्यांसाठी



गळीत हंगाम तोंडावर आलाय. आता चार-पाच महिने रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. म्हणून आज पिकाचं काही लिहीत नाही, जुन्या ट्रॅक्टरच्या दिव्यांचं लिहितो. आणि जरा चिडूनच लिहितो.

आमच्या वाडीत पंधरा वर्षांच्या वरचे सात ट्रॅक्टर आहेत. त्यातल्या चारांचे हेडलाइट मूळ स्विचवर चालत नाहीत. एकाच्या डॅशबोर्डला घरातलं पंख्याचं बटण ठोकलंय. एकाची वायर थेट बॅटरीला, दिवा लावायचा म्हणजे खाली उतरून वायर अडकवायची. एकाला पुढे एलईडीची पट्टी लावलीय, ती समोरच्याचे डोळे फोडते आणि मागे मात्र मिट्ट अंधार. चौथा चालवणारा तर सरळ सांगतो, "चांदणं असतंय की." या चौघांनीही आधी स्विच बदललाय. कुणी दोनदा, कुणी तीनदा. दर वेळी तालुक्याच्या दुकानात गेले, काउंटरवरच्या माणसाने जळका स्विच हातात घेऊन बघितला, "गेला हा" म्हणाला आणि नवा दिला. का गेला, हे त्याने सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या ट्रॅक्टरचा हेडलाइट स्विच सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारला जातो. मारणारी गोष्ट तशीच ठेवून नवा स्विच बसवणं म्हणजे मर लागलेल्या सरीत तेच बियाणं पुन्हा टोकणं.

आता हिशोब बघा. आठवीतल्या पोराला येईल इतका सोपा आहे. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचा धरला तर अप्परवर दोन दिव्यांचे १२० वॅट. १२० भागिले १२ म्हणजे १० अँपिअर. जुन्या वायरिंगमध्ये हे सगळे १० अँपिअर बॅटरीतून निघून अँमीटर, स्विच, डिप्पर आणि मग पुढे दिव्यापर्यंत जातात. स्विचच्या आत असते नखाएवढी पितळी पत्ती, खाली तेवढीच स्प्रिंग. नवीन असताना ती हे ओझं पेलते. पण पंधरा-वीस वर्षं धूळ, ओल, हादरे खाल्ल्यावर पत्तीवर काळा थर धरतो, स्प्रिंग ढिली पडते, आणि जिथे पत्ती टेकते तिथे ताप निघायला लागतो. त्यात थंड बल्बची तार पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे दर वेळी दिवा लावताना पत्तीवर बारीक ठिणगी पडते आणि खड्डा होतो.

मागच्या महिन्यात एका भावकीतल्या ट्रॅक्टरवर मीटर लावून बघितला. दिवे डिमवर चालू, इंजिन बंद. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १०.६. मधले १.६ व्होल्ट गेले कुठे? एकट्या स्विचमध्ये ०.८, अर्थिंगमध्ये ०.५, उरलेले वायर आणि डिप्परमध्ये. आता ०.८ व्होल्टला ९ अँपिअरने गुणा. सात वॅट. बारक्या सोल्डरिंगच्या कांडीला २५ वॅट असतात, म्हणजे त्याच्या पावपट ताप त्या बंद डबीत, रात्रभर. बॅकेलाइट तडकणार नाही तर काय होईल?

आणि प्रकाशाचं काय होतं ते ऐका. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी जास्त कमी होतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की प्रकाश ३० टक्क्यांच्या आसपास पडतो. वरच्या ट्रॅक्टरला बॅटरीच्या मानाने १३ टक्के कमी व्होल्टेज मिळत होतं, म्हणजे जवळजवळ ४० टक्के उजेड वाटेतच मेला. मालकाची तक्रार होती, "बल्ब भंगार आहेत, पिवळा उजेड पडतोय." बल्ब चांगले होते.

खरी गंमत इथून पुढे सुरू होते. उजेड पिवळा पडला की माणूस दुकानात जातो आणि दुकानदार त्याला १००/९० चा बल्ब देतो. "हा लाव, दिवस पडेल." अप्परवर दोन दिवे मिळून २०० वॅट, म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या वर. ताप करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच झिजलेल्या पत्तीत आधीच्या पावणेतीनपट ताप. महिना-दोन महिन्यांत स्विच जळतो. मग तोच दुकानदार स्विच देतो. त्यावर कंपनीचं नाव असतं, पण हातात घेतला की वजनावरून कळतं की आत पितळ कमी आणि मुलामा जास्त. तोही जळतो. फ्यूज उडायला लागतो, मग फ्यूजच्या जागी तांब्याची तार येते, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. आता उडायला काही उरलं नाही, आता थेट वायर पेटणार. आणि हा ट्रॅक्टर आपण उभा कुठे करतो? कडब्याच्या गंजीशेजारी. पाचटाच्या फडात. सोयाबीनच्या गंजीला मळणी यंत्र लावून.

बल्ब विकणाऱ्याला दोष देऊन मोकळं व्हायचं नाहीये मला. पण जो माणूस १००/९० चा बल्ब विकतो आणि "वायरिंगला रिले आहे का?" हा एक प्रश्न विचारत नाही, तो पुढचा स्विचही विकून ठेवतोय. हे त्याला कळत नसेल असं मी मानत नाही.

काही जण म्हणतील, एवढं काय, दिवा तर दिवा. त्यांना जुन्या स्विचची रचना सांगतो. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरवर एकाच स्विचवर पहिल्या टप्प्याला पार्किंग आणि मागचा लाल दिवा, दुसऱ्या टप्प्याला हेडलाइट. आत येणारी फीड एकच. ती जळली की पुढचं-मागचं सगळं एकदम जातं. म्हणजे दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर जातोय आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतंय फक्त काळं. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात आलेला असतो, तो रिफ्लेक्टरही झाकतो. दर हंगामात पेपरात बातमी येते. आपण वाचतो, हळहळतो आणि संध्याकाळी तोच ट्रॅक्टर तसाच बाहेर काढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ पासून आहेत, त्यात दिव्यांचं सगळं लिहिलेलं आहे. पावती फाडणाऱ्याला ते माहीत आहे, पण पावतीने पत्ती साफ होत नाही.

हे पेज वाचणाऱ्यांत कृषी सहायक, विज्ञान केंद्रातले साहेब लोक, कॉलेजची पोरं आहेत. त्यांनाही दोन शब्द. तुम्ही सांगता, मधमाश्या जगवायच्या असतील तर फवारणी संध्याकाळी उशिरा करा. बरोबर आहे. पाऊस येतोय, सोयाबीन रात्रीत मळून घ्या म्हणता. तेही बरोबर. शेतपंपाची लाईट रात्रपाळीची असली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. सगळी कामं तुम्ही आणि वीजवाल्यांनी मिळून अंधारात ढकललीत. मग ट्रॅक्टर देखभालीच्या शिबिरात ऑइल कधी बदलायचं, एअर क्लीनरचं तेल किती, टायरमध्ये पाणी किती, एवढ्यावर का थांबता? मी आजवर बसलो त्या एकाही शिबिरात कुणी बारा व्होल्टचा टेस्ट बल्ब हातात धरून दाखवला नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. दाखवा.

तोवर मी सांगतो. ज्याला येतं त्याने पुढे सरका.

आधी लक्षण ओळखा. एकच दिवा बंद असेल तर स्विचला हात लावू नका, तो बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्याचं अर्थिंग बघा. दोन्ही दिवे डिमला लागतात आणि अप्परला नाही (किंवा उलट), तर संशय डिप्परवर. दोन्ही दिवे डिम-अप्पर दोन्हीला बंद, तर फ्यूज, स्विच किंवा स्विचकडे येणारी वायर. खड्ड्यात आपटल्यावर लुकलुकत असेल तर कुठेतरी लग ढिला आहे. आणि दिवे लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं चांगले चालून मग मंद होत असतील, स्विचची मूठ कोमट लागत असेल, जळका वास येत असेल, तर पत्ती गेलीच म्हणून समजा.

टेस्ट बल्ब घरी बनतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हात वायर. एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोकदार सळई. चिमटा चासीला, रंग खरवडलेल्या जागी. मग बॅटरीपासून पुढे चालत जायचं: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, स्विचच्या आत येणाऱ्या वायरवर, बाहेर जाणाऱ्या वायरवर, डिप्परच्या आत, बाहेर, शेवटी होल्डरवर. जिथपर्यंत बल्ब लख्ख पेटतो तिथपर्यंत सगळं ठीक. जिथे मंदावला किंवा विझला, त्याच्या आणि मागच्या जागेच्या मध्ये दुखणं आहे.

मीटर आहे तर टेस्ट बल्ब कशाला, असं नवी पोरं विचारतात. कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरच्या आतल्या वीस तारांतल्या एकोणीस कुजल्या आणि एक उरली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि पोरगा म्हणतो वायर चांगली आहे. बल्ब ओझं टाकतो, त्या एका तारेचं बिंग लगेच फुटतं. मीटर वापरायचाच तर दिवे चालू ठेवून वापरा: एक टोक स्विचच्या आत येणाऱ्या खिळ्यावर, दुसरं बाहेर जाणाऱ्या खिळ्यावर. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर स्विच खोलायला घ्या. तसंच अर्थिंगचं: एक टोक होल्डरच्या अर्थच्या पायावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर. तिथेही तोच हिशोब.

अर्थिंगचं वेगळं सांगतो, कारण त्याकडे कुणी बघतच नाही. जुन्या ट्रॅक्टरवर दिव्याचं अर्थ पत्र्यातून येतं. पत्रा बॉनेटला, बॉनेट बिजागरीला, बिजागरी चासीला. वर रंगाचे तीन हात दिलेले, आत गंज. त्यावर भरवसा कसला ठेवता? दोन्ही दिव्यांच्या होल्डरपासून जाड काळी वायर थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत ओढा. भावकीतल्या त्या ट्रॅक्टरचा उजेड तर एवढ्यानेच बराच सुधारला, स्विचला हात न लावता.

स्विच खोलायचा तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह लग काढा. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चासीला टेकला तर जो भडका उडतो तो ज्याने बघितलाय त्याला विचारा. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला टेप लावून नंबर लिहा, मोबाईलवर फोटो काढा. रंगावर जाऊ नका, पंधरा वर्षांत तिथे कुणी कुठली वायर जोडली देव जाणे. पत्ती नुसती काळी असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुसा. आत ग्रीस भरू नका. स्प्रिंग तापून निळी पडली असेल किंवा रिव्हेट हलत असेल तर घासणं म्हणजे दोन आठवड्यांची मुदत. तेव्हा स्विच बदलाच. पण पुढचं केल्याशिवाय बदलू नका.

पुढचं म्हणजे रिले. हॉर्नला असतो तोच, १२ व्होल्ट, ३० अँपिअर. दोन घ्यायचे, एक डिमला, एक अप्परला, होल्डरसकट. पायांवर नंबर छापलेले असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी जाड वायर, अडीच स्क्वेअरची, मध्ये फ्यूज. ८७ वरून दिव्यांकडे. ८५ अर्थला. ८६ ला ती जुनी वायर, जी डिप्परमधून दिव्याकडे जात होती. बास. आता स्विचमधून जातो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, पाव अँपिअरसुद्धा नाही. जी पत्ती १० अँपिअर वाहत होती तिच्यावर आता पिसाएवढं ओझं. पाच पायांचा रिले मिळाला तर मधल्या ८७ए ला काही जोडू नका, तो रिले बंद असताना चालू असतो. फ्यूज १५ अँपिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात. रिलेपाशी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहिली.

एक बारकावा. डॅशवर अँमीटरचा काटा असेल तर रिलेची फीड बॅटरीच्या खांबावरून घेतल्यावर दिवे लावले की काटा चार्जकडे झुकलेला दिसेल. माणसाला वाटतं बॅटरी भरतेय, पण तो करंट दिव्यात जातोय. अँमीटरच्या अल्टरनेटरकडच्या बाजूने फीड घेतली की काटा पूर्वीसारखं खरं बोलतो. जुना डायनमो असलेल्यांनी हे जास्त ध्यानात ठेवा, कारण डायनमो कमी आरपीएमला काही देत नाही, आणि काट्याने फसवलं तर सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागतो.

खर्च? दोन रिले, होल्डर, फ्यूज, वायर, लग मिळून मला पाचशे ते सातशेच्या मध्ये पडलं. दोन हलके स्विच आणि एक जोडी १००/९० घेतली तरी एवढे जातातच.

"रिले गेला तर अंधार पडेल की," हे मला तिघांनी ऐकवलंय. अहो, दोन रिले आहेत. डिमचा गेला तर अप्परचा उपसून तिथे लावा, हाताने निघतो, पाना लागत नाही. आणि एक तिसरा टूलबॉक्समध्ये ठेवा. जळका स्विच रात्री दोनला वजनकाट्याच्या रांगेत कसा बदलणार, ते मला आधी सांगा.

घरातल्या बटणवाल्यांना: तो स्विच २४० व्होल्ट एसीवर ६ अँपिअरसाठी बनवलेला असतो. तुम्ही त्यातून १० अँपिअर डीसी काढताय, वर हादरे आणि पाऊस. एलईडी पट्टीवाल्यांना: नांगराला लावा, रोटाव्हेटरला लावा, रानात खुशाल वापरा. रस्त्यावर आल्यावर ती बंद झाली पाहिजे आणि मूळ हेडलाइट डिमवर लागले पाहिजेत. हॅलोजनच्या वाटीत एलईडीचा बल्ब कोंबणाऱ्यांनाही तेच, वाटी त्या बल्बसाठी बनवलेली नाही, उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो.

आता ट्रॉली. मागच्या लाल दिव्याची वायर हुकाजवळ पिळून जोडलेली असते, ती रोज तुटते, म्हणून कुणी जोडत नाही. सात पिनांचा प्लग-सॉकेट लावून घ्या. दुसऱ्या ट्रॉलीलाही. टेल लॅम्पचा फ्यूज हेडलाइटपेक्षा वेगळा करा, ५ अँपिअरचा पुरतो, म्हणजे ट्रॉलीची वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी पुढचे दिवे शाबूत राहतील. ऊस भरणाऱ्या टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवा की मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर झाकला जाईल असा ऊस बाहेर काढायचा नाही, झाकला तर मोळी खाली घ्यायची. भाडं कमी बसेल म्हणून कुरकुर होईल, होऊ द्या.

आमच्या वाडीतल्या चारांपैकी दोघांचे ट्रॅक्टर या रविवारी आमच्या खळ्यावर येतायत. चांदणंवाला अजून हो म्हणालेला नाही. ज्याला बघायचंय त्याने सकाळी आठला यावं, येताना आपला जळका स्विच घेऊन या, फोडून आतली पत्ती दाखवतो.